गरोदरपणातला आहार आणि दिनक्रम : डॉक्टरांचा सल्ला सातारा-सांगलीच्या घरात कसा पाळायचा

तपासणी करून बाहेर पडताना हातात लाल गोळ्यांची पाकिटं असतात, कॅल्शियमचा डबा असतो आणि ‘पालेभाज्या खा, दूध घ्या, आराम करा’ एवढा सल्ला असतो. सल्ला बरोबरच असतो, पण घरी आल्यावर वेळेच्या गणितात तो फसतो. लोहाची गोळी चहाबरोबर जाते, नाहीतर लोह आणि कॅल्शियम एकाच घोटात घेतलं जातं. पालेभाजी सगळ्यांच्या ताटात वाढून होते आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो. म्हणून या लेखात काय खायचं यापेक्षा कधी आणि कसं खायचं यावर जास्त भर दिला आहे. सासूबाई, नवरा, जाऊ यांनीही हा लेख वाचावा, कारण यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या हातात आहेत.

पहिले बारा आठवडे : नोंदणी, फॉलिक अ‍ॅसिड, मळमळ

पाळी चुकली की आठवड्याभरात घरी युरीन टेस्ट करा आणि बारा आठवड्यांच्या आत आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सकडे नाव नोंदवा. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते शेवटपर्यंत लागतं, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात एका ठरलेल्या जागी ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 5000 रुपये हप्त्यांनी मिळतात आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000. त्यासाठी आधार आणि बँक खात्याचे कागद आताच जुळवून ठेवा. आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर ते दुरुस्त करण्यात महिने जातात.

फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी पहिल्या तीन महिन्यांत रोज घ्यायची. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस राहिल्याची खात्रीही नसते. त्यामुळे मूल हवं असं ठरलं की गर्भ राहण्याच्या आधीपासून ही गोळी सुरू करणं उत्तम. आधीच्या बाळाला मणक्याचा जन्मदोष असेल, तर डोस कितीतरी मोठा लागतो. तो डॉक्टरांकडूनच घ्या.

मळमळ रिकाम्या पोटी वाढते. रात्री झोपताना उशाशी भाजलेल्या भाकरीचे कडक तुकडे किंवा मूठभर फुटाणे ठेवा. सकाळी अंथरुणातच दोन घास खा, दहा मिनिटं पडून राहा आणि मग उठा. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्या. फोडणीच्या वासाने उलटी होत असेल तर महिनाभर फोडणी दुसऱ्या कुणीतरी द्यावी, हा काही लाडाचा प्रश्न नाही. दिवसभर पाणीही पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर सलाईनची गरज पडते. ‘हे होतंच’ म्हणून थांबू नका.

गोळ्यांचं वेळापत्रक

चौथ्या महिन्यापासून दोन गोळ्या सुरू होतात. लोहाच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस घ्यायची. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की लोह मागे पडतं, आणि चहातलं टॅनिन तर लोहाला बांधूनच ठेवतं. आपल्याकडे चहा दिवसातून तीन-चारदा होतो, त्यामुळे गोळी घ्यायला मोकळा वेळच उरत नाही. वेळ अशी काढा :

सकाळी नाश्ता झाल्यावर, नऊच्या सुमारास, पहिली कॅल्शियमची गोळी. दुपारच्या जेवणानंतर दुसरी. संध्याकाळचा चहा साडेचार-पाचला. रात्रीचं जेवण आठपर्यंत. आणि झोपताना, दहाच्या सुमारास, लोहाची गोळी अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, आणि रात्री घेतल्याने मळमळ झोपेत निघून जाते.

यात अडचण येते ती झोपतानाच्या दुधाची. ‘पोटुशी आहे, रात्री कपभर दूध दे’ ही सासूबाईंची माया असते, पण ते दूध आणि लोहाची गोळी एकाच वेळी पोटात जातात. दूध बंद करू नका, त्याची वेळ बदला. सकाळी नाश्त्याबरोबर एक कप आणि संध्याकाळी सहाला एक कप द्या.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी घ्या, चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब हवेत. म्हणजे कॅल्शियम दुपारी आणि रात्रीच्या जेवणानंतर, आणि लोह त्यानंतर दोन तासांनी झोपताना.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते. त्यात काळजीचं काही नाही, उलट गोळी पोटात जातेय हे त्यावरून कळतं. खरा त्रास बद्धकोष्ठाचा होतो आणि याच टप्प्यावर बहुतेकींच्या गोळ्या सुटतात. रात्री सात-आठ मनुका भिजत घालून सकाळी पाण्यासकट खा, कोंड्यासकट पिठाची भाकरी ठेवा, दिवसभरात अडीच ते तीन लिटर पाणी प्या. तरीही जमत नसेल तर गोळी बदलून मागा. लोहाचे वेगवेगळे क्षार मिळतात, एक सोसला नाही तर दुसरा सोसतो. मनाने बंद मात्र करू नका.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. 7 ते 10.9 असेल तर डॉक्टर सहसा दिवसाला दोन गोळ्या देतात आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासतात. महिन्यात निदान 1 ने तरी वाढायला हवं. वाढत नसेल तर चहाच्या वेळा, जंत आणि गोळी खरंच घेतली जातेय का, या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. जंताची अल्बेंडाझोलची एक गोळी तीन महिन्यांनंतर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतात. 7 च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, रुग्णालयात जावं लागतं. गूळ-शेंगदाणे खाऊन रक्त वाढतं असं घरोघरी सांगितलं जातं. शेंगदाणे चांगलेच आहेत, पण गुळाच्या खड्यातून मिळणारं लोह फार थोडं असतं. गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. बाईला लाज वाटते आणि ती लपून खाते. घरच्यांनी हसू नये, रक्त तपासून घ्यावं.

ताटात किती आणि काय

‘दोन जिवांसाठी खा’ आणि ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होऊन सिझर होईल’ हे दोन्ही सल्ले एकाच घरात ऐकू येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर उसळ, इतकंच. मुद्दाम कमी खाल्लं तर बाळ कमी वजनाचं होतं. त्याने बाळंतपण सोपं होत नाही आणि बाळाला पुढे त्रास होतो.

खरी उणीव राहते प्रथिनांची. शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाला 65 ते 70 ग्रॅम लागतात. आपल्याच स्वयंपाकघरातून ती कशी भरतात ते पाहा. ज्वारीच्या चार भाकऱ्या, प्रत्येकी 60 ग्रॅम पिठाच्या, म्हणजे 24 ग्रॅम. मटकीची किंवा घेवड्याची उसळ एक वाटी, 30 ग्रॅम कोरडं कडधान्य, 7 ग्रॅम. वरण तेवढ्याच डाळीचं, 7. दूध दोन कप, 400 मिली, 13. मूठभर भाजलेले शेंगदाणे 30 ग्रॅम, 7. एक उकडलेलं अंडं, 6. झाले 64, उरलेले भाजी-दह्यातून येतात. अंडं चालत नसेल तर वरण घट्ट करा आणि एक वाटी दही वाढवा. पातळ, पळीभर डाळीच्या वरणाने हे गणित जमत नाही. डाळ घट्ट असू द्या आणि ताट वाढताना तिची वाटी आधी भरून बाजूला ठेवा.

कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे आणि गरोदर बाईसाठी फार चांगला आहे. तो रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. अर्धवट शिजलेल्या घेवड्याने उलट्या-जुलाब होतात. अख्खा मसूर तर या पट्ट्यात सगळ्यांच्या आवडीचा, फक्त ढाब्याचा तर्रीचा न खाता घरी कमी तेलात करा. मोड आलेली मटकी शिजवूनच खा. कच्च्या मोडात जंतू वाढतात आणि धुऊन जात नाहीत.

मेथी, शेपू, तांदुळजा, माठ, चाकवत यांपैकी एक पालेभाजी रोज हवी. ती लोखंडी कढईत करा, झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळत्या भाजीत क जीवनसत्त्व टिकत नाही. हिवाळ्यात आवळा आणि पेरू स्वस्त असतात, तेच लिंबाचं काम करतात.

कॅल्शियमची रोजची गरज सुमारे 1000 मिलिग्रॅम. दोन कप दुधातून साडेचारशेच्या आसपास आणि नाचणीच्या एका भाकरीतून दोनशे मिळतात. जावळी-पाटणच्या डोंगरी गावांत नाचणी घरची असते, ती आजारी माणसाच्या आंबिलापुरती राखून ठेवू नका.

फळं हंगामातली, घराजवळची घ्या. आटपाडीचं डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षं, सगळी चालतात. स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते आणि द्राक्षांवर फवारण्या होतात, म्हणून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग वाहत्या पाण्याखाली धुवा. पिकलेली पपई थोडी खाल्ली तर हरकत नाही. कच्च्या, चिकाच्या पपईत गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो, ती टाळा. कलेजी रक्तवाढीसाठी म्हणून दिली जाते, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. पहिल्या तीन महिन्यांत नकोच, पुढेही तिची सवय लावू नका.

धारोष्ण दूध पिऊ नका, कितीही विश्वासाच्या म्हशीचं असलं तरी. उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. लोणचं, पापड, भडंग यांनी मिठाचं प्रमाण वाढतं, बीपी वाढलेल्या बाईने ते मोजून खावं.

वजन पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलोने वाढतं, कधी उलट्यांनी थोडं घटतंही. त्यानंतर बेताच्या वजनाच्या बाईचं आठवड्याला सुमारे 400 ग्रॅमने वाढावं. बारीक असेल तर थोडं जास्त, जाड असेल तर कमी. आठवड्यात अचानक किलो-दीड किलो वाढ झाली आणि चेहरा-हात सुजले, तर तो आहाराचा प्रश्न नसतो. बीपी त्याच दिवशी तपासून घ्या.

साखरेची चाचणी

75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात. पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. उसाच्या पट्ट्यात यावरचा सर्रास गैरसमज असा की साखर वाईट, गूळ आणि रस चांगला. रक्तातली साखर तिघांनी सारखीच वाढते. भाकरी बंद करायची नाही. एका वेळी दोनपेक्षा जास्त न घेता तिच्याबरोबर उसळ, भाजी आणि काकडी-गाजर वाढवा. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात चाला. तेवढ्याने अनेकींची साखर आवाक्यात येते, नाहीच आली तर इन्सुलिन सुरक्षित आहे.

मिश्री

हा विषय तपासणीच्या खोलीत निघत नाही, कारण मिश्रीला कुणी तंबाखू समजतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला, कुटलेला तंबाखू. त्यातलं निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं, वारेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बाळाला रक्त कमी पोहोचतं. बाळ कमी वजनाचं होणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं, पोटातच दगावणं, हे तिन्ही धोके वाढतात. ‘आमच्या वेळी आम्हीही लावायचो’ म्हणणाऱ्या सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगावं लागेल. त्यांनी स्वतःची मिश्री सुनेसमोर लावली नाही, तरी सुनेला मोठी मदत होते.

सोडताना पहिला अडथळा ठरलेला आहे. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. निकोटीनने आतड्याला चालना मिळायची, ती बंद होते म्हणून पहिले आठ-दहा दिवस बद्धकोष्ठ होतं. त्याची तयारी आधीच करा. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, आणि मिश्रीच्या वेळी मऊ ब्रश व साधी पेस्ट. झेपेल तिने एकदम सोडावी. नाही झेपलं तर आधी रात्रीची, चार दिवसांनी दुपारची, त्यानंतर चार दिवसांनी सकाळची बंद करा. सकाळची सगळ्यात अवघड असते म्हणून ती शेवटी. तल्लफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ लवंग किंवा बडीशेप तोंडात धरा आणि कुठल्यातरी कामाला लागा. डबी घरातून बाहेर गेली पाहिजे, फळीवर ठेवून सुटत नाही. 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला तर सल्ला मोफत मिळतो.

उपवास, ग्रहण आणि ‘मुलाचं औषध’

निर्जळी उपवास करू नका. हरतालिकेला आणि वटपौर्णिमेला पूजा करा, पण पाणी आणि दूध घ्या. सोडवत नसेल असा उपवास असेल, तर साबुदाण्याऐवजी भगर, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, रताळं, केळं असा बेत ठेवा आणि तीन तासांहून जास्त काळ उपाशी राहू नका. साखरेचा त्रास असेल तर नवरात्राचे नऊ दिवस सलग करू नयेत. ग्रहणात उपाशी बसण्याची गरज नाही. ग्रहणाने ओठ फाटत नाहीत. तासन् तास पाण्यावाचून पडून राहण्याने मात्र चक्कर येते आणि कळा सुरू होऊ शकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘मुलगाच होईल’ म्हणून दिली जाणारी पुडी किंवा काढा हा या सगळ्यातला सर्वात घातक प्रकार. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. नेमके बाळाचे अवयव तयार होत असतात त्या दिवसांत ही औषधं पोटात जातात, आणि त्यात काय आहे हे देणारा सांगत नाही. कुणीही, कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. अंगदुखीची गोळीही मेडिकलमधून परस्पर आणू नका, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विशेषतः पाचव्या महिन्यानंतर बाळाला बाधतात.

शेत, द्राक्षबाग, गोठा

‘आराम करा’ याचा अर्थ पलंगावर पडून राहणं असा नाही. सगळं ठीक असेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावं, घरकामही करावं. बंद करायची ती ठरावीक कामं.

पहिलं काम बागेतलं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात ती हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट विषारी असते आणि कातडीतूनही शरीरात जाते. पेस्टिंगला गरोदर बाईने जाऊ नये, हातमोजे असले तरी. द्राक्षाचे घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याचं डिपिंगही नको. ब्लोअरने फवारणी झालेल्या बागेत त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शिरू नका. विरळणीला जायचंच असेल तर शेवटची फवारणी कधी झाली हे मालकाला विचारून जा. फवारणी करून आलेल्या नवऱ्याने आंघोळ करून, कपडे बदलून मगच घरात यावं, आणि ते कपडे गरोदर बाईने धुऊ नयेत.

दुसरं काम गोठ्यातलं. गाय-म्हैस व्यायला झाली, गाभडली किंवा वार अडकली, तर तिथे हात लावू नका. त्या स्रावातून ब्रुसेलोसिससारखा आजार होतो आणि गर्भपाताचा धोका असतो. शेण काढणं शक्य असेल तर दुसऱ्यावर सोपवा, नाहीतर निदान नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

याशिवाय भरलेली घागर, उसाची मोळी, वैरणीचा भारा उचलू नका. चुलीवर स्वयंपाक असेल तर धुरात बसणं कमी करा.

सातव्या महिन्यापासून झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपा, डावी असली तर उत्तम. 28 आठवड्यांनंतर रोज रात्री जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. दोन तासांत दहा जाणवल्या पाहिजेत. नाही जाणवल्या, किंवा बाळ नेहमीपेक्षा शांत वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका.

तपासण्या आणि माहेरी जाणं

किमान चार तपासण्या हव्यात : बारा आठवड्यांच्या आत, 14 ते 26, 28 ते 34 आणि 36 नंतर. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, एक तरी तपासणी त्या दिवशी करून घ्या. धनुर्वाताची टीडी लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेतात.

ओटीभरण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते आणि बहुतेक वेळा गोळ्यांचा क्रम इथेच तुटतो. निघताना कार्ड, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या प्रती आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या बरोबर घ्या. पोहोचल्यावर दोन दिवसांत तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवा. कार्डावरच्या नोंदणी क्रमांकामुळे पुढच्या नोंदी तिकडे होतात. आईनेही गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून लावाव्यात, कारण माहेरी चहा सासरपेक्षा जास्त होतो.

माहेर कृष्णाकाठी, पलूस-वाळवा-मिरज पट्ट्यात असेल आणि तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल, तर 2019 आणि 2021 च्या पुरात रस्ते किती दिवस बंद होते ते आठवून बेत करा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यांवर दरडीचा प्रश्न असतो. दोन्हीकडच्या बायकांनी 36-37 आठवडे झाले की उंचावरच्या, रस्त्याला लागून असलेल्या नातेवाइकांकडे राहायला जावं. बाळंतपण कुठे करायचं, तिथे रक्ताची सोय आहे का आणि रात्री गाडी कुणाची, हे आठव्या महिन्यातच ठरवा. रक्तगट कार्डाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटका, ताप, पोटात सतत कळ, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर 108 ला फोन करा. बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त निघालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. गाडी येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर झोपवा, काही खायला देऊ नका, आणि कार्ड व रिपोर्टची पिशवी बरोबर जाणाऱ्याच्या हातात द्या.